निवृत्तीनंतर ॲडव्हेंचर गेम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँकेतली नोकरी संपल्यावर मी कॉम्प्युटरवरचे ॲडव्हेंचर गेम खेळायला लागले. त्यावरून मुलुंडच्या आमच्या कट्ट्यावर, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि लग्नकार्यात जेवतानासुद्धा तेच तेच प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरांत माझी आवडनिवड पुरेपूर आहे, ती वजा करून वाचावे.

ॲडव्हेंचर गेम म्हणजे काय? नातू खेळतो ते ढिशुम-ढिशुमवाले का?

नव्हे. नातवाच्या गेममध्ये बंदूक असते आणि पाठीमागे कोणीतरी लागलेले असते. ॲडव्हेंचर गेममध्ये एक गोष्ट असते आणि ती पुढे सरकावी म्हणून कोडी सोडवायची असतात. पडद्यावर समजा एक खोली दिसते आहे. टेबलावर क्लिक केले की आपले पात्र टेबलापाशी जाते, खण उघडते, आत किल्ली सापडते. ती किल्ली पोतडीत जमा होते. कुलूप मात्र तीन खोल्या पलीकडे असते आणि तिथे जायचे तर आधी पहारेकऱ्याशी गोड बोलून त्याला जागचा हलवायला हवे. बघणे, उचलणे, वापरणे आणि बोलणे या चार गोष्टींवर अख्खा गेम चालतो.

बोटांत संधिवात आहे, माऊस हळू चालतो. जमेल का?

जमेल. या प्रकारात बहुतेक वेळा घड्याळ नसतेच. तुम्ही उठून कुकर बंद केलात, दारावरच्या भाजीवाल्याशी घासाघीस केलीत, परत येऊन चहा प्यायलात, तरी पडद्यावरचा माणूस होता तिथेच उभा असतो. काही गेममध्ये अधूनमधून एखादा घाईचा प्रसंग येतो. तिथे चुकले तर थोडे मागून पुन्हा सुरू करायचे, एवढीच शिक्षा.

डबल क्लिक जमत नसेल तर विंडोजच्या सेटिंगमध्ये त्याचा वेग कमी करता येतो. डावखुऱ्यांना माऊसची बटणे उलटी करून घेता येतात. मनगट फारच दुखत असेल तर ट्रॅकबॉल मिळतो. त्यात माऊस जागेवर राहतो आणि वरचा गोळा बोटाने फिरवायचा असतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटरच्या दुकानांत विचारा, आणि घेण्याआधी दुकानातच हाताखाली घेऊन बघा.

हे पोरांचे खेळ. या वयात शोभतात का?

ज्यांनी हा प्रकार सुरू केला त्यांची वये बघा. विल क्राउदर हे १९३६ सालचे. अमेरिकेत इंटरनेटच्या आधीचे जे आर्पानेट जाळे होते, त्यावर काम करणारे प्रोग्रॅमर. गुहांमध्ये उतरण्याचा त्यांना नाद होता आणि केंटकीतल्या मॅमथ केव्ह या प्रचंड गुहेचे नकाशे करण्यातही त्यांचा हात होता. घटस्फोटानंतर मुली भेटायला आल्या की त्यांना रमवायला काहीतरी हवे, म्हणून १९७५-७६च्या सुमारास त्यांनी त्या गुहेवर एक गेम लिहिला. चित्र एकही नाही. पडद्यावर वर्णन येणार आणि आपण ‘दिवा घे’, ‘उत्तरेला जा’ अशा दोन-तीन शब्दांच्या आज्ञा इंग्रजीत टाइप करायच्या. १९७७ साली स्टॅनफर्डच्या डॉन वुड्स यांनी क्राउदरना विचारून तो वाढवला. तोच ‘कोलॉसल केव्ह ॲडव्हेंचर’. या सगळ्या प्रकाराला ॲडव्हेंचर हे नाव त्यावरून पडले.

तो गेम रॉबर्टा विल्यम्स नावाच्या एका गृहिणीने खेळला आणि तिला झपाटल्यासारखे झाले. १९८० साली तिने आणि तिच्या नवऱ्याने, केन विल्यम्सने, ‘मिस्टरी हाऊस’ काढला. गोष्ट आणि चित्रे तिची, प्रोग्रॅमिंग त्याचे. घरच्या कॉम्प्युटरवरच्या ॲडव्हेंचर गेममध्ये चित्रे आली ती तिथून. पुढे त्यांची सिएरा ही कंपनी खूप मोठी झाली, १९९६ साली विकली गेली, आणि दोघे निवृत्त होऊन बोटीतून जगभर फिरत बसले. नंतर जानेवारी २०२३ मध्ये, रॉबर्टा सत्तरीला टेकलेल्या असताना, या जोडप्याने पुन्हा एक गेम बाजारात आणला. कोणता, तर त्या मूळ गुहेचाच, नव्या चित्रांसह.

त्यामुळे शोभण्याचा प्रश्न मला पडत नाही. आपल्या पिढीने केलेल्या वस्तू आपण वापरतो आहोत, एवढेच. नोकरीत असताना मुलुंड ते सीएसएमटी जाऊन येऊन डोके शिल्लक कुठे असायचे? हे गेम निवांतपणा मागतात, आणि तो आत्ता कुठे मिळाला आहे.

पहिला गेम कोणता घेऊ?

माझे उत्तर ठरलेले आहे: ‘मशिनेरियम’. २००९ सालचा, झेक प्रजासत्ताकातल्या अमानिता डिझाइन या छोट्या स्टुडिओचा. भंगारात फेकलेला एक बारका यंत्रमानव आपल्या शहरात परत जायला निघतो. संवाद शब्दांत नाहीतच. पात्रांना जे म्हणायचे ते डोक्यावरच्या फुग्यात हलत्या चित्रांतून दिसते, त्यामुळे इंग्रजीची धास्ती उरत नाही. चित्रे हाताने काढलेली, गंजलेली, देखणी. कॉम्प्युटरवर चालतो, टॅबवरही चालतो. मध्ये एकदोन कोडी डोक्याला ताप देतात, पण मदतीची सोय आतच आहे.

तो आवडला तर पुढचा रस्ता तुमच्या स्वभावावर आहे. रहस्यकथा वाचणाऱ्यांनी ‘ब्रोकन सोर्ड’चा १९९६ सालचा पहिला भाग घ्यावा. पॅरिसच्या एका कॅफेत विदूषकाच्या वेशातला माणूस बॉम्ब ठेवून पळतो, आणि बाहेर बसलेला एक अमेरिकन पर्यटक एका फ्रेंच पत्रकार बाईच्या जोडीने त्याचा माग काढतो. तिथून गोष्ट थेट मध्ययुगातल्या नाइट्स टेम्प्लर या पंथापर्यंत जाते. संवाद भरपूर आणि खुसखुशीत.

ज्यांना प्रवास आवडतो त्यांच्यासाठी २००२ सालचा ‘सायबेरिया’. बेल्जियमचे चित्रकथाकार बेन्वा सोकाल यांचा. न्यूयॉर्कची एक तरुण वकील आल्प्समधल्या गावी किल्लीवर चालणाऱ्या यंत्र-बाहुल्यांचा कारखाना विकण्याचे कागद करायला येते, आणि वारस सापडेना म्हणून किल्लीच्याच आगगाडीत बसून पूर्वेकडे निघते. कोडी सोपी आहेत, पण चालणे फार. एकाच पुलावरून पात्र इतक्यांदा जाते-येते की वैताग येतो. तरीही आमच्या कट्ट्यावरच्या बायकांमध्ये हाच सगळ्यांत लाडका आहे. नोकरी, साहेबाचे फोन, घरच्यांच्या अपेक्षा आणि त्यातून हळूहळू सुटत जाणारी एक बाई, हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

‘मिस्ट’पासून मात्र सुरुवात करू नका. १९९३ सालचा हा गेम अतिशय प्रसिद्ध आहे. रँड आणि रॉबिन मिलर या भावांनी केलेला, साठ लाखांहून जास्त प्रती खपलेला. पण एका निर्मनुष्य बेटावर तुम्हाला सोडून देतात आणि काय करायचे ते कुणीही सांगत नाही. तिसऱ्या-चौथ्या गेमला त्याची गोडी कळते. पहिल्यालाच घेतलात तर ‘हे आपले काम नव्हे’ म्हणून कॉम्प्युटर बंद कराल.

कॉम्प्युटरच नसेल तर ‘द रूम’ ही मालिका टॅबवर खेळा. एक विचित्र पेटी, तिला असंख्य कळा, कप्पे आणि कुलपे. बोटाने फिरवायची, ओढायची, दाबायची. गोष्ट बेताची आहे, पण पेटी अप्रतिम.

नवा कॉम्प्युटर घ्यावा लागेल का?

बहुतेक नाही. मुलाने किंवा सुनेने नवा लॅपटॉप घेतल्यावर कपाटात पडलेला जुना असेल, तो पुरतो. १९९०च्या दशकातले गेम आजच्या कुठल्याही यंत्राला जड नाहीत. चित्रे फार खरीखुरी वाटणारे नवे त्रिमितीय गेम मात्र त्यावर अडखळतील. विकत घेण्याआधी गेमच्या पानावर खाली किती रॅम, कोणते विंडोज लागते ते लिहिलेले असते, ते बघा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टने दिलेला नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. असा जुना लॅपटॉप खुशाल गेमसाठी ठेवा, पण त्यावर बँकेचे व्यवहार करू नका. गेम उतरवून घेतला की वायफाय बंद करून खेळलात तरी चालते.

लॅपटॉपचा पडदा लहान वाटत असेल तर एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा. फक्त मालिकेच्या वेळेला टीव्ही मागायला जाऊ नका. घरातली शांतता महत्त्वाची.

खर्च किती? फुकट काही आहे का?

आहे, आणि चोरीचे नाही. ‘स्कमव्हीएम’ नावाचा एक मोफत प्रोग्रॅम २००१ पासून आहे. जुने ॲडव्हेंचर गेम नव्या कॉम्प्युटरवर चालावेत म्हणून हौशी प्रोग्रॅमरांनी तो केला. तो विंडोजवर चालतो, अँड्रॉइडवरही चालतो. त्यांच्याच संकेतस्थळावर काही गेम मूळ मालकांच्या परवानगीने मोफत ठेवलेले आहेत. ‘बिनीथ अ स्टील स्काय’ हा १९९४चा आणि ‘फ्लाइट ऑफ द ॲमेझॉन क्वीन’ हा १९९५चा. दोन्ही चांगले आहेत. दुसरा जास्त हसवतो.

विकत घ्यायचे तर स्टीम आणि जीओजी ही इंटरनेटवरची दोन मोठी दुकाने. स्टीमवर किंमत रुपयांत दिसते आणि यूपीआय चालते. खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर गेम परत करून पैसे मिळतात. त्यामुळे गेम घेतल्याघेतल्या सुरू करून बघायचा, अक्षरे दिसतात का, आवाज येतो का ते तपासायचे. पुढच्या महिन्यासाठी ठेवून द्यायचा नाही. जीओजीवर गेमची फाइल आपल्याकडे उतरवून कायमची ठेवता येते. पेन ड्राइव्हवर ठेवा, स्टीलच्या डब्यात ठेवा, कुणी विचारणार नाही.

उन्हाळी आणि हिवाळी सेलमध्ये जुने गेम नाटकाच्या तिकिटापेक्षा स्वस्त मिळतात. सेलपर्यंत थांबा. आपल्याला घाई कसली?

माझे इंग्रजी बेताचे आहे. मराठीत गेम नाहीत का?

माझ्या आवडीच्या गेमांपैकी एकही मराठीत नाही, हे खेदाने सांगते. त्यावर उपाय असे: मशिनेरियमसारखे बिनशब्दांचे गेम निवडा. इतर गेममध्ये इंग्रजी सबटायटल सुरू ठेवा. पात्र बोलून झाले तरी बऱ्याच गेममध्ये क्लिक करेपर्यंत ओळ पडद्यावर थांबवायची सोय असते, ती सेटिंगमध्ये शोधा. अगदीच अडले तर मोबाइलवर गूगल लेन्स उघडून पडद्यासमोर धरा, मराठी भाषांतर दिसते. भाषांतर कधीकधी विनोदी होते, तीही एक करमणूक.

मी अडकले आहे. पुढे जाताच येत नाही. काय करू?

अभिनंदन, गेम आत्ता सुरू झाला.

खरेच सांगते, या प्रकारात अडकणे हीच मुख्य मजा आहे. रात्री गाडी अडलेली असते, आपण दिवा बंद करून झोपतो, आणि सकाळी दूध तापवताना एकदम डोक्यात येते की अरे, तो दोर त्या घंटेला बांधायचा! त्या क्षणासाठी मी खेळते. शब्दकोड्यातला आडवा सात सुचला नाही म्हणून कोणी उद्याच्या पेपरातले उत्तर आजच मागत नाही, तसेच हे.

तरी काही क्रम सांगते. आधी सगळ्या जागा पुन्हा फिरून या, कारण मधल्या काळात कुठेतरी काहीतरी बदललेले असते. मग पोतडीतली प्रत्येक वस्तू नीट बघा. वस्तूवर क्लिक केल्यावर जे वाक्य येते त्यात बहुधा इशारा असतो. दोन वस्तू एकमेकींवर वापरून बघा. सगळ्या पात्रांशी सगळ्या विषयांवर पुन्हा बोला. आपण बँकेत काउंटरवर बसून हेच केले आहे, ‘अजून काही कागद आहे का तुमच्याकडे?’ बऱ्याच नव्या गेममध्ये एक बटण दाबले की पडद्यावरच्या सगळ्या क्लिक करण्याजोग्या जागा चमकतात. ते वापरण्यात काही कमीपणा नाही. चार ठिपक्यांएवढी सुई पडद्यावर शोधत बसणे याला मी कोडे म्हणत नाही.

एवढे करून दोन दिवस गेले तर मदत घ्या, पण चमच्याचमच्याने. मदत घेणे ही काही आजची फॅशन नव्हे. १९८०च्या दशकात इन्फोकॉम ही कंपनी अदृश्य शाईत छापलेल्या उत्तरपुस्तिका विकायची. खास पेन फिरवले की एकेक इशारा उमटायचा, आधी मोघम, मग जास्त स्पष्ट. सिएरा कंपनी फोनवर इशारे द्यायची. हल्ली ‘युनिव्हर्सल हिंट सिस्टिम’ नावाची जागा तेच काम करते: आपला प्रश्न निवडायचा, पहिला इशारा वाचायचा, आणि पुढचे झाकलेलेच ठेवायचे.

यूट्यूबवर पूर्ण गेम खेळून दाखवणारे व्हिडिओ असतात. नातू म्हणेल, ‘आजी, यात बघ ना, दोन मिनिटांत होईल.’ त्याला लाडू द्या आणि खोलीबाहेर पाठवा.

आणि कधीकधी दोष आपला नसतो, हेही माहीत असावे. १९९९च्या ‘गॅब्रिएल नाइट ३’मध्ये एक कोडे आहे. दुसऱ्या माणसाच्या नावावर मोटरसायकल भाड्याने घ्यायची, म्हणून त्याच्यासारखे दिसायचे. त्यासाठी मांजराचे केस मिळवून, ते मेपलच्या पाकाने चिकटवून खोटी मिशी करायची. आणि ज्याचे सोंग घ्यायचे त्या माणसाला मिशीच नाही! असे कोडे स्वतःहून सुटले तर काळजी करावी. ब्रोकन सोर्डमध्ये आयर्लंडला एक बोकड आहे. त्याच्यापुढे भल्याभल्यांनी हात टेकले आहेत. तिथे लगेच उत्तर बघितलेत तरी मी काही म्हणणार नाही.

पात्र मेले की सगळे पहिल्यापासून करावे लागते का?

गेमवर अवलंबून आहे. सिएराच्या जुन्या गेममध्ये पावलोपावली मरण होते. त्याहून वाईट म्हणजे, सुरुवातीला एखादी वस्तू घ्यायची राहिली तर खूप पुढे जाऊन गेम कायमचा कोंडायचा. ‘किंग्ज क्वेस्ट ५’मध्ये भूक लागली म्हणून पोतडीतला ‘कस्टर्ड पाय’ हा गोड पदार्थ खाल्लात, की पुढे हिममानवाच्या तोंडावर मारायला काही उरत नाही आणि खेळ खलास. मला हा खवचटपणा आवडत नाही. १९९०च्या ‘द सिक्रेट ऑफ मंकी आयलंड’ने ही पद्धत मोडली. त्यात मरणे जवळजवळ अशक्यच आहे. नायकाला दहा मिनिटे श्वास रोखता येतो. पाण्याखाली त्याला खरोखर दहा मिनिटे तसाच सोडलात तर मात्र मरतो.

जुना गेम खेळत असाल तर एकाच नावाने सेव्ह करू नका. वेगवेगळ्या नावांनी करा: ‘वाड्यात शिरण्याआधी’, ‘म्हातारीशी बोलल्यावर’ असे.

वही कशाला ठेवायची म्हणता?

आठवणीवर विसंबू नये म्हणून. आकडे, दारांवरची चिन्हे, कोण काय म्हणाले, कुठला रस्ता कुठे जातो. मिस्टच्या खोक्यात तर कोरी वहीच घालून देत. त्या गेममध्ये वहीशिवाय गत्यंतर नाही, आणि मोबाइलने पडद्याचे फोटो काढून तेवढी मजा येत नाही. चौकटीची वही घ्या, नकाशे चांगले येतात. माझ्या वह्या पाहून एका पाहुण्यांना वाटले मी वास्तुशास्त्र शिकते आहे.

याने मेंदू तल्लख राहतो का? विसराळूपणा टळतो का?

असे छातीठोकपणे सांगणाऱ्यापासून सावध राहा. २०१३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात कॅलिफोर्नियातल्या संशोधकांचा एक प्रयोग आला होता. साठ ते पंच्याऐंशी वयाच्या लोकांना खास बनवलेला गाडी चालवण्याचा गेम महिनाभर खेळायला दिला, तर एका वेळी दोन कामे करण्याची त्यांची क्षमता सुधारली आणि ती सुधारणा सहा महिन्यांनीही टिकली होती. पण तो गेम याच कामासाठी बनवला होता, तो आपला ॲडव्हेंचर गेम नव्हे. दुसरीकडे, मेंदूला व्यायाम देतो म्हणून जाहिरात करणाऱ्या ल्युमॉसिटी कंपनीला जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे वीस लाख डॉलर भरून प्रकरण मिटवावे लागले. स्मृतिभ्रंश लांबतो वगैरे दाव्यांना पुरेसा आधार नव्हता, असे आयोगाचे म्हणणे.

म्हणून मी औषध म्हणून खेळत नाही. आवडते म्हणून खेळते. नावे, चेहरे, ओळखीचे रस्ते यांत गोंधळ वाढत असेल तर सरळ डॉक्टरांना दाखवा.

डोळे दुखतात, मान अवघडते.

वीस मिनिटे झाली की वीस फुटांपलीकडचे काहीतरी वीस सेकंद बघायचे. मुंबईच्या फ्लॅटमध्ये वीस फूट मिळतच नाहीत, तर खिडकीत जा, समोरच्या बिल्डिंगचे वाळत घातलेले कपडे बघा. अंधारात खेळू नका. पडदा डोळ्यांच्या उंचीला येईल असा ठेवा; लॅपटॉपखाली दोन जाड दिवाळी अंक पुरतात. अक्षर बारीक असेल तर विंडोजचे बटण आणि अधिकचे चिन्ह एकत्र दाबा, भिंग सुरू होते. विंडोज आणि एस्केप दाबले की बंद. माऊसचा बाणही सेटिंगमध्ये मोठा आणि रंगीत करता येतो. मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरलेले असेल तर आधी ते उरका, चित्रांचे खरे रंग नंतर दिसतात.

काही गेममध्ये चक्कर येते, मळमळते. मलाच का?

पुष्कळांना होते. त्रिमितीय जगात आपल्याच डोळ्यांनी चालत गेल्यासारखे दाखवले की डोळे म्हणतात आपण चाललो, तोल सांभाळणारा आतला कान म्हणतो बसलो आहोत. मिस्टची मूळ आवृत्ती, ब्रोकन सोर्ड, मशिनेरियम यांत स्थिर चित्रे असतात, तिथे हा त्रास नाही.

मुलगा म्हणतो गेममध्ये पैसे जातात, सरकारने बंदी घातली आहे.

बंदी आहे ती पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन गेमवर. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने त्याचा कायदा केला. आपले गेम एकदा विकत घ्यायचे आणि घरी एकट्याने खेळायचे, त्यात पैज नाही, जिंकायची रक्कम नाही. मुलाला हे दाखवा.

त्याची भीती अगदी खोटीही नाही. फुकट म्हणून मोबाइलवर येणाऱ्या काही ‘लपलेल्या वस्तू शोधा’ गेममध्ये दर थोड्या वेळाने नाणी विकत घ्या म्हणून मागे लागतात. त्यांच्यापासून लांब राहा. दुकानात कार्डाची माहिती साठवून ठेवू नका. ‘तुमचे स्टीम खाते बंद होणार, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर ठेवून द्या. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

आपल्या देशाशी, मुंबईशी जोडलेले काही आहे का?

थोडे आहे. ‘८० डेज’ या २०१४ सालच्या गेममध्ये जगाची फेरी मारायची असते आणि मार्ग आपण ठरवायचा. वाटेत मुंबईही घेता येते. वाचायला खूप आहे, इंग्रजी चांगले हवे. ‘वेन्बा’ हा २०२३चा छोटा गेम, कॅनडात गेलेल्या तमिळ कुटुंबाचा. आईच्या फाटलेल्या वहीतून स्वयंपाक जुळवायचा. पहिलेच कोडे इडलीचे, आणि तिथे आपण बायका जगातल्या कुठल्याही तरुण खेळाडूला मागे टाकतो.

मला सगळ्यांत आवडलेला म्हणजे लुकस पोप यांचा २०१८चा ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’. १८०७ साली ईस्ट इंडिया कंपनीचे बेपत्ता झालेले जहाज माणसांवाचून परत येते आणि विम्याच्या चौकशीसाठी आपण त्यावर चढतो. साठ माणसांपैकी प्रत्येकाचे नाव आणि त्याचे काय झाले, हे नोंदवहीत भरायचे. खलाशांमध्ये हिंदुस्थानी माणसेही आहेत. त्यांची नावे शोधताना मला डॉकयार्ड रोड, माझगाव सगळे आठवत राहिले. विमा कंपनीतून किंवा ऑडिटमधून निवृत्त झालेल्यांनी हा गेम सोडू नये. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची चित्रे आहेत आणि मृत्यूची दृश्ये बरीच आहेत, तेवढे मनात धरा. चक्कर येणाऱ्यांनीही जपून.

दोघांनी मिळून खेळता येते का?

तेच उत्तम. एकाच्या हातात माऊस, दुसऱ्याच्या हातात वही. आमचे हे सुरुवातीला पेपरामागून नुसते ‘डावीकडे बघ’ म्हणायचे. आता खुर्ची ओढून बसतात आणि माऊस मागतात. भांडणे होतात. एका अटीवर ठाम राहा: एकट्याने पुढे खेळायचे नाही. चोरून खेळलेले लगेच उघडकीस येते, पोतडीत नवी वस्तू दिसते.

परदेशातल्या मुलीबरोबर व्हिडिओ कॉलवर पडदा शेअर करूनही खेळता येते. ‘जेवलीस का’ पलीकडे बोलायला विषय मिळतो.

पावसाळ्यात लाइट गेले तर?

लॅपटॉपला बॅटरी असते. डेस्कटॉप असेल तर यूपीएस घ्या आणि सेव्ह करत राहा.

एखादा गेम अर्धवट सोडला तर?

सोडा की. माझ्या खात्यात कितीतरी अर्धे पडलेले आहेत. काही कंटाळवाणे होते, काही फार रडवणारे, एकाचा नायक मला मुळीच आवडला नाही. फक्त सोडताना वहीत दोन ओळी लिहून ठेवा: कुठे होतो, कशात अडकलो, पोतडीत काय आहे. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा उघडावासा वाटला तर पहिल्यापासून सुरू करावे लागत नाही.